गुरुवारची मुलाखत छोट्या सरांऐवजी पत्नीस मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
मध्यवर्ती कारागृह.
(मार्फत: मुलाखत खिडकी, मुख्य दरवाजाच्या डावीकडे)

विषय: माझ्या पतीची येत्या गुरुवारची, म्हणजे त्यांच्या बदलीपूर्वीची शेवटची मुलाखत 'छोटे सर' यांच्याऐवजी मला मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा पहिला अर्ज (नामंजूर).
२) माझा दुसरा अर्ज (मंजूर, परंतु जागा शिल्लक नाही).
३) बंद्याने क्षमेविषयी घरी लिहिलेली पत्रे, जी नियमानुसार माझ्याआधी आपण वाचलेली आहेत.

महोदय,

१. मी उपरोक्त बंद्याची पत्नी असून एका सायंदैनिकात उपसंपादक आहे. माझे पती महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत असत. नागरिकाने आज्ञा कधी मोडावी या विषयावर त्यांनी एक व्याख्यान दिले. ते कोणीतरी बिनसहीचे छापून वाटले. व्याख्यान त्यांचेच आहे, अशी साक्ष त्यांच्याच विभागातील सहायक अध्यापकांनी दिली. या सहायकांना महाविद्यालयात आणि आमच्या घरात 'छोटे सर' म्हणतात. उंचीशी या नावाचा संबंध नाही. उंचीने ते माझ्या पतींपेक्षा वीतभर जास्तच आहेत. नोकरी जाईल अशी त्यांना भीती घालण्यात आली होती. साक्ष खरी होती, त्यामुळे साक्षीबद्दल माझी तक्रार नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. माझी तक्रार गुरुवारबद्दल आहे.

२. आपल्याकडील नियमानुसार राजकीय बंद्यास पंधरवड्यातून एकदा, गुरुवारी, एकाच व्यक्तीची मुलाखत मिळते. पती आपल्याकडे आले त्याच आठवड्यात मी पहिला अर्ज केला. त्यात मी असे लिहिले: 'बंद्याची मुलाखत घेण्यास परवानगी मिळावी.' नातेवाइकाला बंद्याची मुलाखत मिळते. पत्रकार मुलाखत घेतो. माझा हात आयुष्यभर दुसरे क्रियापद लिहीत आला आहे, आणि त्या दिवशी दुपारी पहिले पान छपाईला सोडायचे होते म्हणून अर्ज मी कचेरीतच, मथळे लावता लावता लिहिला. व्यवसायाच्या रकान्यात 'उपसंपादक' असे होतेच. आपल्या कचेरीने दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या आणि 'वृत्तपत्र प्रतिनिधींना बंद्यांची मुलाखत घेण्यास मनाई आहे' असे उत्तर पाठवले. उत्तर बरोबर होते. दुसऱ्यांच्या मजकुरातली असली क्रियापदे दुरुस्त करण्यासाठीच मला पगार मिळतो.

३. मी धावत आपल्या खिडकीवर आले. खिडकीवरील कारकूनबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. त्या म्हणाल्या, "अहो बाई, नवऱ्याला भेटायचं तर भेटायचं म्हणून लिहा ना. मुलाखत काय घेताय त्याची? घरी कमी घेतल्यात का?" मागच्या रांगेत हशा पिकला. मीही हसले, कारण विनोद चांगला होता. दुसरा अर्ज मी तिथेच उभ्याने लिहिला. तो मंजूर झाला, पण मधल्या काळात व्हायचे ते होऊन गेले होते. 'पत्नीची मुलाखत नामंजूर' एवढेच बंद्यास कळवण्यात आले, कारण कळवण्यात आले नाही. कोणत्या गुरुवारी कोणाला भेटणार, याची तीन महिन्यांची यादी त्यांना त्याच दिवशी भरून द्यायची होती. त्यांच्यासमोर दुसरा एकच अर्ज होता, छोट्या सरांचा. छोट्या सरांनी 'भेटायचे आहे' असे साधे लिहिले होते. पतींनी सगळे गुरुवार त्यांच्या नावे लिहून दिले.

४. माझा अर्ज मंजूर झाल्यावर ते यादी बदलतील असे मी धरून चालले. बदलण्याची सोय नियमात आहे. कारकूनबाईंनी मला नियमाचा क्रमांक काढून दाखवला. पतींचे उत्तर आले. आपण ते वाचलेच आहे, तरी संबंधित भाग उद्धृत करते: 'तो पहिल्या वेळी आला तेव्हा दारातच थांबला. बसायला तयार नव्हता. आता मध्येच त्याला येऊ नको म्हणणे म्हणजे दिलेली क्षमा परत घेण्यासारखे होईल. तू समजून घेशील.'

शेवटच्या तीन शब्दांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. त्यांच्याकडे या अर्जात पुन्हा यावे लागेल.

५. प्रत्येक मुलाखतीनंतर छोटे सर आमच्या घरी येतात. त्यांना कोणी बोलावत नाही. ते पतींच्या खुर्चीवर बसत नाहीत, एवढा पोच त्यांना आहे. शेजारच्या स्टुलावर बसतात आणि खुर्चीकडे बघत बोलतात. मी त्यांना चहा देते आणि प्रश्न विचारते. बातमीदाराला घटनास्थळाहून आल्यावर विचारतो तसेच विचारते, आणि इतका निरुपयोगी बातमीदार माझ्या पाहण्यात नाही.

"कसे आहेत?"
"बरे आहेत, वहिनी. वजन उतरलंय, पण चेहरा फार मोकळा वाटला."
"शर्ट कोणता होता?"
"शर्ट? शर्ट होता."
"खोकला?"
"तसं काही विचारलं नाही मी. आम्ही स्वातंत्र्यावर बोलत होतो."
"आणि खोकले नाहीत?"
"मध्ये एकदा थांबले होते खरे. मला वाटलं, विचार करतायत."

संवाद अर्जात घालण्याची रीत नाही, हे मला माहीत आहे. परंतु पुरावा म्हणून दुसरे काही माझ्यापाशी नाही. पुढे ते म्हणाले, "मी रडलो, वहिनी. सर हसले. म्हणाले, अरे, तू रडतोस आणि जाळीच्या आत मी, लोकांचा गोंधळ होईल कोण कैदी ते." हे सांगताना छोटे सर पुन्हा रडले. मी त्यांना रुमाल दिला. महोदय, तो विनोद मी ऐकायला हवा होता. पतींचे विनोद सहसा पडतात, आणि ते पडल्यावरही हसण्याचे काम इतकी वर्षे मी केलेले आहे. हा एक चांगला झाला तर तो छोट्या सरांच्या वाट्याला गेला.

चष्म्याची गोष्टही मला अशीच ओघात कळली. चष्म्याची एक काडी तुटली असून पतींनी ती दोऱ्याने कानामागे बांधली आहे. छोट्या सरांच्या हे लक्षात येण्याचे कारण एवढेच, की बोलताना पती तो वारंवार काढत होते आणि दोरा दाढीत अडकत होता. म्हणजे दाढी वाढवली आहे, हेही मला दोऱ्यामुळे कळले. "दाढी आहे?" असे मी विचारले, तेव्हा छोटे सर म्हणाले, "हो, ती आहेच की." पती दाढीत कसे दिसतात, हे मी कधी पाहिलेले नाही. छोट्या सरांनी पाहिले आहे आणि त्यांना ते सांगण्यासारखेही वाटले नाही.

६. आता पत्रांविषयी. आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येक पत्रात बहुतेक भाग क्षमेविषयी आणि स्वातंत्र्याविषयी असतो. मी विचारवंत नाही; मला समजले ते थोडक्यात मांडते, चूक असल्यास आपण दुरुस्त करालच. पतींचे म्हणणे असे, की भिंत उभी राहिल्यामुळे माणसाचे स्वातंत्र्य संपत नाही. पुढची गोष्ट सुरू करण्याची ताकद गेली की संपते. चूक करणारा माणूस आपल्या चुकीच्या दिवसात अडकून पडतो. छोटे सर बाहेर फिरतात, तासिका घेतात, तरी ते त्या साक्षीच्या पिंजऱ्यातच उभे आहेत. त्यांना तिथून बाहेर काढणे त्यांच्या स्वतःच्या हातात नाही. ते फक्त ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली त्याच्या हातात आहे. म्हणून, पती लिहितात, 'या कोठडीत येऊन मला एका माणसाला सोडून देण्याचा अधिकार मिळाला. असा अधिकार महाविद्यालयात कधी नव्हता.'

आणखी एका पत्रात असे आहे, की क्षमा हुकमाने मागवता येत नाही आणि हुकमाने देताही येत नाही. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'हो'ला किंमत. म्हणून क्षमा करणे हे तुरुंगातही पूर्ण स्वतंत्रपणे करता येण्याजोगे काम आहे, कारण ते करायला कोणीही भाग पाडू शकत नाही.

हे वाचून मी प्रभावित झाले, हे नाकारत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मला एक त्रुटी दिसली. या विचारात चूक करणाऱ्याला जागा आहे, त्याच्यासाठी दार आहे, वेळ आहे, सगळे गुरुवार आहेत. ज्याने काही चूक केलेली नाही, त्याला या विचारात बसायला स्टूलसुद्धा नाही. त्याने समजून घ्यायचे.

७. यापुढची बाब लहान आहे, पण वगळली तर हा अर्ज अपुरा राहील. मागच्या पत्रात पतींनी लिहिले: 'परवा छोटे सर फार मार्मिक बोलले. म्हणाले, छापलेले पुसता येत नाही, दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र देता येते एवढेच. आणि शुद्धिपत्र देणारे वर्तमानपत्र लोक जास्त विश्वासाने वाचतात. क्षमेचे हेच आहे.' महोदय, हे वाक्य माझे आहे. आमच्या सायंदैनिकाने एका जिवंत गृहस्थाच्या निधनाची बातमी छापली होती, त्या रात्री जेवताना मी ते म्हटले होते. पानावर तिघे होतो: मी, पती आणि छोटे सर. पती तेव्हा मीठ मागत होते.

मी छोट्या सरांना विचारले. ते खुर्चीकडे बघत म्हणाले, "वहिनी, मला खरंच वाटलं मीच म्हटलं." ते खोटे बोलत नव्हते. आणि हेही सांगते, की साक्षीचा राग मला कधी आला नव्हता, पण त्या क्षणी आला. माझ्या पतींना त्यांनी आत पाठवले ते मी सोसले. माझे वाक्य त्यांनी आत नेले, त्यावर शाबासकी मिळवली आणि ते मला टपालाने परत आले, हे मला अजून सोसत नाही.

८. माझा मत्सर फक्त छोट्या सरांपुरता आहे, असा आपला समज होऊ नये. मी या बाबतीत कोणाला सूट दिलेली नाही. रात्रपाळीच्या हवालदारांबद्दलही मला तो वाटतो. ते पतींना 'मास्तर' म्हणतात आणि "मास्तर, कूस बदला, घोरताय" असे गजांवर दांडा वाजवून सांगतात, हे मला कारकूनबाईंकडून कळले. ते काम माझे होते आणि मी ते दांड्याशिवाय करत असे.

आपल्याबद्दलही वाटतो. क्षमा केलेल्यांत तुरुंगाचे कर्मचारीही येतात, असे पतींनी एका पत्रात लिहिले होते. ते पत्र माझ्याकडे आले तेव्हा समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले होते: 'वरिष्ठांच्या आदेशाने काम करणाऱ्यासही हे लागू आहे काय?' अक्षर आपले असावे. टपालात टाकण्यापूर्वी आपण ते पत्र त्यांना दाखवले असणार, कारण पुढच्याच पत्रात त्या प्रश्नाचे उत्तर होते, आणि ते पान उलटून मागे गेले होते. पत्रावर पत्ता माझा होता. मी ते सगळे वाचले. शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती: आईला गुडघ्याचे तेल संपू देऊ नको. उत्तर चांगले होते, आपणास उपयोगी पडले असेल अशी आशा आहे. परंतु आपण त्यांना रोज फेरीच्या वेळी समोर बघता, प्रश्न तोंडी विचारू शकता. माझ्या पत्रातली जागा आपण घेऊ नये, अशी नम्र विनंती.

९. वरील पार्श्वभूमीवर, पतींची दुसऱ्या कारागृहात बदली होणार असल्याचे मला गेल्या आठवड्यात कळले. नवीन ठिकाण इतके लांब आहे, की रजा काढून जाऊन यायचे तर माझी कचेरी एकदा परवानगी देईल, दर पंधरवड्याला देणार नाही. सासूबाईंना एवढा प्रवास झेपणारही नाही आणि त्यांना एकटे ठेवता येणार नाही. म्हणजे येत्या गुरुवारनंतर मी त्यांना केव्हा पाहीन, हे सांगता येत नाही. तो गुरुवार छोट्या सरांच्या नावावर आहे. छोट्या सरांना मी विचारून पाहिले. ते लगेच म्हणाले, "वहिनी, तुम्हीच जा." मग दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "पण सरांना वाटेल का हो, की मी पुन्हा पळालो?" म्हणून आपल्याकडे आले आहे, आणि पुढीलपैकी कोणताही एक उपाय करावा अशी विनंती करते:

(अ) गुरुवारची मुलाखत आपल्या अधिकारात मला द्यावी.

(आ) ते शक्य नसल्यास वेळ अर्धी अर्धी करावी. पहिला अर्धा भाग मला मिळावा, कारण छोटे सर आधी गेल्यास पतींचे डोळे ओले असतील आणि ते माझ्यामुळे आहेत की नाहीत, हे मला कळणार नाही.

(इ) तेही शक्य नसल्यास माझा पहिला अर्ज जसाच्या तसा, क्रियापदासकट, पुन्हा विचारात घ्यावा. मी पत्रकार म्हणून येईन. मी खरोखर मुलाखत घेईन. दाढी का वाढवली, इथून सुरुवात करीन. ती छापणार नाही, असे लिहून देते.

(ई) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास बंद्याविरुद्ध अपराध केलेल्या व्यक्तींमध्ये माझे नाव घालावे, म्हणजे त्यांच्याच विचाराप्रमाणे मी मुलाखतीस पात्र होईन.

१०. (ई) संबंधी खुलासा आवश्यक आहे. असा अपराध मला शोधून सापडला नाही. मी सासूबाईंची मदत घेतली. त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांनी बराच विचार केला. "नाही गं," त्या म्हणाल्या, "तू तसं काही केलंच नाहीस. हीच तर तुझी चूक. मी त्याला जन्म दिला, तर पत्रात माझ्या नावाने तेलाची एक ओळ येते. लहानपणी याच्या पाटीवर थुंकणारा एक पोरगा होता, तो मात्र रोज घरी जेवायला असायचा. याला त्रास देणाऱ्यांचा फार लळा." मग म्हणाल्या, "जा, देऊन टाक तूही एखादी साक्ष. अजून वेळ आहे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतक्या हसल्या, की तेल सांडले. ते पुसताना आम्ही दोघी जरा रडलो, तेही नमूद करते, कारण नंतर चौकशी झाल्यास काही लपवले असे होऊ नये.

११. या ठिकाणी मला पतींच्या तीन शब्दांकडे परत यावे लागत आहे. निकालाच्या आधी त्यांच्यासमोर एक कागद ठेवण्यात आला होता, हे आपल्या दप्तरात असेलच. तो माफीनामा होता. त्यावर सही केली असती तर ते संध्याकाळी घरी आले असते. मी त्या खोलीच्या बाहेर, बोळात उभी होते. दार उघडे होते. आत त्यांचा आवाज ऐकू आला, "ज्याबद्दल मला वाईट वाटत नाही, त्याची माफी मागितली तर उद्या खरी मागायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे शब्दच उरणार नाही." दोन शिपायांच्या मधून ते बाहेर आले, मला पाहिले आणि म्हणाले, "तू समजून घेतलं असशीलच."

मी घेतले होते. मला विचारले असते तर मीही सही करू नका, असेच सांगितले असते. बोळ खोलीपासून चार पावलांवर होता आणि कागद ठेवणारे अधिकारी घाईत नव्हते; ते चहा पीत होते. दोन माणसांच्या आयुष्याचा निर्णय झाला आणि दोघांचे उत्तर एकच होते, पण विचारले एकालाच गेले. तेव्हापासून मी हे कोणाला बोललेले नाही. चूक केलेल्याला क्षमा करण्याविषयी ते इतके सुंदर लिहितात, की आपल्याकडूनही कोणाची क्षमा मागायची राहिली असेल, हे त्यांच्या लक्षात येण्याचे काही कारण उरत नाही. छोट्या सरांनी भीतीने त्यांच्यावर अन्याय केला. पतींनी माझ्यावर विश्वासाने केला. पहिल्याची क्षमा मागता येते, त्यासाठी गुरुवार मिळतात. दुसऱ्याचे काय करतात, हे त्यांच्या एकाही पत्रात नाही. आपण सगळी पत्रे वाचली आहेत. आपल्याला कुठे दिसले असल्यास कळवावे.

१२. हा मजकूर नेहमीप्रमाणे मी एकदा वाचून काढला. वाचताना कलम ९ मधील (अ) ते (ई) या सर्व मागण्या मला मागे घ्याव्याशा वाटल्या. कारण असे: आपण हुकूम दिलात, तर गुरुवारी पती जाळीपलीकडे येऊन बसतील. बोलावल्यावर बंदी येतोच. मग ते आले की आणले गेले, हे मला बघून कळणार नाही, आणि मुलाखतीची सगळी वेळ मी तेच ओळखण्यात घालवीन. कोणाला भेटायचे हे लिहून देणे, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली आहे. ती मी आपल्या सहीने काढून घेतली, तर माझ्यात आणि सरकारात काही फरक राहणार नाही. शिवाय त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'हो'ला किंमत असते. मला ते 'हो' हवे आहे. त्याखालचे काही नको.

सबब (अ), (आ), (इ) आणि (ई) रद्द समजून पुढील एकच विनंती मान्य करावी. बुधवारच्या फेरीत आपण स्वतः त्यांच्यासमोर उभे राहून विचारावे, "उद्या कोणाला भेटायचं?" एवढेच विचारावे. माझा अर्ज आला आहे, हे सांगू नये. बदलीपूर्वीची शेवटची मुलाखत आहे, एवढे मात्र सांगावे, कारण ते तारखांच्या बाबतीत कच्चे आहेत. उत्तर देण्यास त्यांना हवा तेवढा वेळ द्यावा. त्यांनी 'ती समजून घेईल' असे म्हटल्यास ते उत्तर धरू नये आणि प्रश्न पुन्हा विचारावा. यादी बदलली गेली, तर नियमाचा क्रमांक कारकूनबाईंना ठाऊक आहे.

त्यांनी छोट्या सरांचे नाव घेतल्यास माझी हरकत नाही, असे मी लिहिणार होते. हरकत आहे. पण ती आपल्याकडे मांडण्याची नाही.

गुरुवारी मी कचेरीत पान लवकर सोडून, मुलाखतीच्या वेळी, आपल्या दरवाजाबाहेरच्या पत्र्याखालील बाकावर बसलेली असेन. त्या बाकासाठी परवानगी लागत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

आपल्या खिडकीवर नेहमी येणारी
अर्जदार
(सही)
बंद्याची पत्नी

दिनांक: गुरुवारच्या अलीकडचा सोमवार

सोबत:
१) पहिला व दुसरा अर्ज. पहिल्यातील चुकीचे क्रियापद लाल शाईने दुरुस्त केले आहे.
२) गुडघ्याचे तेल संपलेले नाही, असे सासूबाईंच्या सहीचे निवेदन. हे त्यांच्या आग्रहास्तव जोडले आहे.
३) चष्मा, नवीन, जुन्याच नंबराचा, एक नग. मुलाखत कोणालाही मिळाली तरी हा बुधवारीच बंद्यास देण्यात यावा, म्हणजे समोर कोण बसले आहे ते त्यांना नीट दिसेल. छोट्या सरांच्या हाती देऊ नये.